कार्बोरेटरची आरती आता पुरे



लावणी आवरली, बेणणीला अजून आठ-दहा दिवस आहेत आणि पाऊस काही उघडायचं नाव घेत नाही. म्हणून आजची नोंद पिकावर नाही, पडवीत उभ्या असलेल्या गाडीवर आहे. ट्रॅक्टर, पंप, फवारणी यंत्र यांच्यावर आपण इथे बोलतो, मग माल आणि माणसं वाहणारी जीप का सोडायची?

निमित्त असं झालं. परवा पनवेलच्या बाजारात कर्जतकडचे एक ओळखीचे शेतकरी भेटले. त्यांची १९९८ ची जिप्सी किंग आहे. मला बघताच म्हणाले, "दादा, तुम्ही जिप्सीला इंजेक्शनचं इंजिन बसवलंत म्हणे. गाडीचा जीवच काढून घेतलात. कार्बोरेटरची मजा गेली."

मी विचारलं, "तुमची गाडी कुठाय आज?"

"गॅरेजला आहे. पेट्रोल ओव्हर होतंय."

आता यावर काय बोलायचं? एसटीने आलेला माणूस मला गाडीची मजा सांगत होता. तेव्हाच ठरवलं, या विषयावर एकदा सरळ लिहायचं. कुणाला राग आला तरी चालेल.

माझं म्हणणं दोन वाक्यांत सांगतो. जी जुनी पेट्रोल फोर बाय फोर शेताच्या कामाला रोज किंवा दिवसाआड चालते, तिच्यावर कार्बोरेटर ठेवणं आता शहाणपणाचं राहिलेलं नाही, तो निव्वळ हट्ट आहे. आणि ज्याला हा बदल रीतसर करायचा आहे त्याला आपला कायदा सरळ वाट देत नाही, हा त्याहून मोठा हट्ट आहे.

आधीच एक सांगतो, म्हणजे गैरसमज नको. तुमची जीप डिझेलची असेल तर ही नोंद तुमच्यासाठी नाही. डिझेलला कार्बोरेटर नसतोच, तिथे फ्युएल पंप आणि नोझल असतात. गावाकडच्या बहुतेक महिंद्रा जीप डिझेलच्या, त्यामुळे त्यांना हा प्रश्न नाही. प्रश्न आहे तो मुख्यतः जिप्सीवाल्यांचा.

गाडीचा इतिहास थोडक्यात

मारुतीने जिप्सी आणली १९८५ च्या डिसेंबरात. इंजिन ९७० सीसी, कार्बोरेटरचं. १९९६ मध्ये जिप्सी किंग आली, इंजिन १२९८ सीसी, ताकद ६० अश्वशक्तीच्या आसपास, पण कार्बोरेटर तसाच. २००० साली त्याच १२९८ सीसीच्या घराण्यातलं सोळा व्हॉल्व्हचं इंजिन आलं, तेही एमपीएफआय, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टर. ताकद गेली ८० वर. सीसी तेवढेच, अश्वशक्ती वीसने जास्त. यात व्हॉल्व्हचा वाटा आहे आणि इंजेक्शनचाही.

याच गाडीची बहीण अमेरिकेत सुझुकी सामुराई नावाने विकली जायची. तिचा कार्बोरेटर कंपनीने १९९० मध्येच काढला आणि इंजेक्शन दिलं. म्हणजे तिथल्या माणसाला जे १९९० ला मिळालं ते आपल्याला २००० ला मिळालं. या दहा वर्षांच्या उशिराला आपण 'परंपरा' म्हणतो आणि तिची आरती करतो. अरे, ज्या कंपनीने कार्बोरेटर बसवला तिनेच तो काढून टाकला. आपण कशाला उराशी धरून बसायचं?

ठिबकवाल्यांना लगेच कळेल

ज्यांच्याकडे ठिबक आहे त्यांना कार्बोरेटर वेगळा समजवायची गरज नाही. तुम्ही खत सोडायला व्हेंच्युरी लावता ना? कार्बोरेटर म्हणजे तीच व्हेंच्युरी. अरुंद गळ्यातून हवा जोरात गेली की तिथला दाब कमी होतो आणि बाजूच्या भांड्यातलं पेट्रोल बारीक भोकातून ओढलं जातं. त्या भोकाला जेट म्हणतात.

आता व्हेंच्युरीचं दुखणं काय असतं? लाइनचा दाब हलला की खताचा डोस हलतो. फिल्टर थोडा तुंबला की डोस बदलतो. सकाळी एक हिशोब, दुपारी दुसरा. म्हणून ज्यांचं पॉलिहाऊस आहे, ज्यांना जरबेरा किंवा ढोबळी मिरचीला नेमका डोस द्यायचा असतो, ते डोसिंग पंप लावतात आणि ईसी-पीएच मोजून खत सोडतात.

इंजेक्शन म्हणजे हेच. हवेचा दाब, इंजिनचं तापमान, ॲक्सिलरेटर किती दाबलाय, धुरात ऑक्सिजन किती उरलाय, हे सगळं सेन्सर मोजतात. ईसीएम हिशोब करतो आणि इंजेक्टर तेवढ्याच वेळापुरता उघडतो. एका सेकंदात हे कित्येक वेळा होतं. जो शेतकरी ढोबळी मिरचीला मोजून खत देतो, तोच गाडीला अंदाजाने पेट्रोल पाजतो आणि वर त्यात मजा आहे म्हणतो!

चढावर काय होतं

आमचा पट्टा नेरे-मालडुंग्याचा, माथेरानच्या पायथ्याचा. नकाशावर बघितलं तर नवी मुंबईच्या कुशीत. विमानतळ जवळ, मॉल जवळ. पण डोंगराच्या अंगाला असलेल्या वाड्यांवर जायचा रस्ता जून ते ऑक्टोबर फोर बाय फोरशिवाय होत नाही.

कार्बोरेटरमध्ये पेट्रोलचं एक छोटं भांडं असतं आणि त्यात फ्लोट असतो, आपल्या टाकीतल्या बॉलकॉकसारखा. भांडं सपाट असेल तोवर सगळं ठीक. गाडी उभ्या चढाला लागली, एका अंगाला कलली, की भांड्यातलं पेट्रोलही कलतं. मग एक तर जेट उघडा पडून इंजिन उपाशी मरतं, नाहीतर पेट्रोल गळ्यात सांडून इंजिन बुडतं. प्लग ओले होतात. मग सेल्फ मारत बसा.

तीन वर्षांपूर्वी, लावणीच्याच दिवसांत, वाडीवरच्या एका बाईला बांधावर साप चावला. तिला घेऊन खाली येताना मध्ये एक ओहोळ ओलांडून पुन्हा चढ चढावा लागतो. त्या चढावर माझी गाडी ओव्हर झाली. मागे ती बाई, तिचा नवरा आणि दोन पोरं. पाऊस धो-धो. प्लग काढून पुसले, ॲक्सिलरेटर तळाला दाबून सेल्फ मारला, दहा मिनिटं थांबलो, पुन्हा मारला. पंचवीस मिनिटं गेली. तिचा नवरा एक शब्द बोलला नाही. फक्त माझ्या हाताकडे बघत होता.

गाडी सुरू झाली, पनवेलला पोहोचलो, इंजेक्शनं मिळाली, बाई वाचली. आजही लावणीला येते. पण ती पंचवीस मिनिटं माझ्या डोक्यातून जात नाहीत. त्या वेळी मला कुणी कार्बोरेटरची मजा सांगितली असती तर मी काय उत्तर दिलं असतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

इंजेक्शनमध्ये फ्लोटचं भांडंच नाही. पेट्रोल पाइपात दाबाखाली असतं. टाकीत पंपाच्या तोंडाशी पेट्रोल आहे तोवर गाडी कितीही कलली तरी इंजिनाला त्याचं सोयरसुतक नसतं.

आता इथेनॉल

दुसरं कारण पंपावरचं पेट्रोलच बदललं हे. २०२२ मध्ये देशाने दहा टक्के इथेनॉलचा टप्पा गाठला. २०२३ च्या फेब्रुवारीत वीस टक्क्यांचं, म्हणजे ई-२० पेट्रोल विक्रीला आलं आणि २०२५ पर्यंत ते जवळपास सगळीकडे पोहोचलं. आज बहुतेक पंपांवर 'जुन्या गाडीसाठी साधं द्या' म्हणायची सोय राहिलेली नाही.

मी इथेनॉलच्या विरोधात नाही, हे आधीच सांगून ठेवतो. ऊस आपला, मका आपला, तांदूळ आपला. कारखान्याला साखरेशिवाय दुसरी वाट मिळाली तर उसाचं बिल वेळेवर निघायला मदत होते, मक्याला गिऱ्हाईक वाढतं. पण माल आपला आहे म्हणून त्याचा त्रास झाकायचा, हे काही खरं नाही.

त्रास कसा होतो ते बघा. साध्या पेट्रोलला नीट जळायला एक किलोमागे १४.७ किलो हवा लागते. ई-२० ला लागते साधारण साडेतेरा किलो, कारण इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त इंधन द्यायला हवं. पण कार्बोरेटरच्या जेटचं भोक तेवढंच राहतं, ते काही पंपावरची पाटी वाचून मोठं होत नाही. मग मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं, थंडीत सुरू व्हायला कुरकुर करतं, पिकअप घेताना ठेचकाळतं. ऑक्सिजन सेन्सर असलेल्या इंजेक्शनला मात्र धुरावरून कळतं की मिश्रण पातळ आहे, आणि ते इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडतं.

शिवाय इथेनॉल पाणी ओढतं. कोकणातल्या दमट हवेत गाडी पंधरा दिवस उभी राहिली, टाकीत पाणी गेलं, की एका हद्दीपुढे इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाला बसतं. कार्बोरेटरची बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची, तिच्यावर पांढरी भुकटी धरते. जुने रबरी डायफ्राम, वॉशर, पाइप फुगतात किंवा चिरतात.

मायलेजचं म्हणाल तर नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलंय की जी चारचाकी साध्या पेट्रोलसाठी बनवली आणि दहा टक्के इथेनॉलवर ट्यून केली, तिचं मायलेज ई-२० वर सहा-सात टक्क्यांनी घटेल. हे सरकारी कागदातलं आहे, माझं नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जाच साधारण एक तृतीयांशाने कमी असते. त्यामुळे इंजेक्शन लावलं म्हणजे ही घट नाहीशी होते असं कुणी सांगत असेल तर तो थापा मारतोय. फक्त चुकीच्या मिश्रणामुळे त्यावर आणखी जे नुकसान होतं, ते वाचतं.

'पण कार्बोरेटर रस्त्यात दुरुस्त होतो!'

हे वाक्य मी हजार वेळा ऐकलंय. दहा वर्षं स्वतःही बोलत होतो. यात खरं किती ते बघू.

खरं आहे, कार्बोरेटर एका स्क्रू-ड्रायव्हरने खोलता येतो. पण तो खोलावा लागतो हेच तर दुखणं आहे. रस्त्यात दुरुस्त होतो याचा अभिमान बाळगताना तो रस्त्यात बिघडतो किती वेळा, हेही मोजा. मी दोन वर्षांची नोंद ठेवली होती. पावसाळ्यात दर महिन्या-दीड महिन्याने कार्बोरेटर एकदा तरी खोलला जायचा. आणि चांगला कार्बोरेटर मिस्त्री आज शोधून दाखवा. जुने उस्ताद थकले, काही गेले. नवीन पोरं त्याला हात लावत नाहीत. किट मिळतं ते कुठल्या कंपनीचं ते डबा उघडल्यावरही कळत नाही.

दुसरं वाक्य, 'इंजेक्शनला लॅपटॉपवाला लागतो, खेड्यात कोण करणार?' मंडळी, २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ आलं. तुमच्या दारातली नवी स्प्लेंडर इंजेक्शनची आहे. पोरगा तिच्यावर कॉलेजला जातो, तुम्ही तिच्यावर दूध घालता. तिला कुणी 'जीव गेला' म्हणतं का? ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरला २०२३ च्या जानेवारीपासून नवे प्रदूषण नियम लागले, तिथेही बऱ्याच ठिकाणी इलेक्ट्रॉनिक डिझेल इंजेक्शन आलं. तालुक्याच्या प्रत्येक दुचाकी गॅरेजात आज स्कॅनर आहे. इंजेक्शन तर गावात कधीच येऊन बसलंय. आपल्याला अडचण फक्त जिप्सीची, कारण तिच्यात आपली जवानी अडकलीय.

तिसरं, 'ओहोळात पाणी शिरलं की वायरिंग जातं.' हे खरं आहे, आणि गांभीर्याने घ्यायला हवं. पण कार्बोरेटरच्या गाडीचा डिस्ट्रिब्युटर काय पाण्यात पोहतो का? तोही बंदच पडतो. दोन्हीकडे उपाय एकच, वायरिंग नीट करा आणि ईसीएम उंचावर बसवा.

एक मुद्दा मात्र मी समोरच्याचा मान्य करतो. कार्बोरेटर हळूहळू आजारी पडतो, कुंथत का होईना घरी आणतो. इंजेक्शनचा पंप गेला की गाडी जागेवर उभी, मग टोचन लावूनच आणायची. म्हणून गाडीत एक जादा पंप, दोन रिले आणि फ्यूज कायम ठेवायचे. आपण फवारणी पंपाचे वॉशर ठेवतोच की.

ज्यांच्यापासून सांभाळायचं ते

आता ज्यांना वाटतंय हा माणूस इंजेक्शनवाल्यांची दलाली करतोय, त्यांच्यासाठी. बाजारात 'युनिव्हर्सल किट' म्हणून जे खोकं विकलं जातं, ते मी माझ्या गाडीला लावणार नाही. कार्बोरेटरच्या जागी एक थ्रॉटल बॉडी, चार सेन्सर, एक अनोळखी ईसीएम. एका सपाट रस्त्यावर गाडी छान चालवून दाखवतात, पैसे घेतात, आणि सहा महिन्यांनी सेन्सर गेला की तो सेन्सर कुठल्या गाडीचा ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

जो भाग तालुक्याच्या दुकानात मिळत नाही तो शेतकऱ्याच्या गाडीत बसवू नये. हा नियम मी बियाण्याला लावतो, फवारणी पंपाला लावतो, मग गाडीलाही लावतो. जिप्सी किंग असेल तर मारुतीचंच १२९८ सीसी एमपीएफआय इंजिन, त्याचंच वायरिंग, त्याचाच ईसीएम. हे इंजिन जिप्सीत २००० नंतर वर्षानुवर्षं आलं, सुटे भाग बाजारात आहेत, मिस्त्रींचा हात बसलेला आहे. ९७० सीसीच्या जुन्या जिप्सीचं गणित वेगळं आहे. ते इंजिन मारुतीने जिप्सीत इंजेक्शनसकट कधी दिलंच नाही, त्यामुळे तिथे घाई करू नका.

करायचंच असेल तर हे बघा

१. सगळा संच एकाच गाडीचा घ्या. इंजिन एका गाडीचं, ईसीएम दुसरीचा, सेन्सर तिसरीचे, असं केलं की आयुष्यभर मिसिंग शोधत बसाल. कटिंगचा माल घेताना मूळ गाडीचे कागद आणि इंजिन नंबरची पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

२. वायरिंग कापून जोडलेलं नको. पूर्ण हार्नेस अखंड मिळाला तरच घ्या. अर्थ चार ठिकाणी घासून, पत्रा उघडा करून, बोल्टने घट्ट. अर्ध्या तक्रारी अर्थच्या असतात.

३. पेट्रोलच्या पाइपात काटकसर नको. कार्बोरेटरच्या पंपाचा दाब पाव बारच्या आसपास असतो, इंजेक्शनचा अडीच ते तीन बार. म्हणजे दहापट. जुना रबरी पाइप आणि साधी क्लिप इथे चालत नाही. तो पाइप गरम इंजिनावर फुटला तर गाडी जळते. इंजेक्शनसाठीचाच आणि इथेनॉल चालणारा पाइप घ्या.

४. टाकीचा विचार आधी करा. पंप टाकीत बसणारा हवा आणि त्याच्याभोवती पेट्रोल धरून ठेवणारी वाटी हवी. नाहीतर टाकी पाव भरलेली असताना चढावर पंप हवा ओढेल, आणि मग ओव्हरच्या जागी उपासमार सुरू.

५. ईसीएम डॅशबोर्डच्या मागे, जितका उंच बसेल तितका. पायाशी नको.

६. चावी ऑन केल्यावर पंप दोन-तीन सेकंद वाजून थांबला पाहिजे. इंजिन बंद असताना पंप चालूच राहिला तर मिस्त्रीने वायरिंग थेट जोडलंय असं समजा आणि गाडी ताब्यात घेऊ नका. गाडी उलटली, इंजिन बंद पडलं आणि पंप पेट्रोल ओततच राहिला तर काय होईल, विचार करा.

७. ऑक्सिजन सेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकू नका. 'काढला की पिकअप वाढतो' म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघा.

८. अल्टरनेटर आणि बॅटरी तपासा. पंप, इंजेक्टर आणि ईसीएम सगळे विजेवर जगतात. बॅटरी मेलेली असताना धक्का मारून गाडी सुरू करायची जुनी सवय आता विसरा.

माझ्या गाडीचं म्हणाल तर डोंगराच्या रस्त्यावर लिटरला सात-आठ देत होती, आता दहाच्या आसपास देते. पण कृषी खात्यातली आणि विद्यापीठातली मंडळीही हे वाचतात, म्हणून स्पष्ट सांगतो: हा एकाच प्लॉटचा निष्कर्ष आहे, तोही नवं इंजिन विरुद्ध झिजलेलं इंजिन असा. यातलं किती इंजेक्शनमुळे आणि किती नव्या रिंगांमुळे, ते वेगळं काढता येणार नाही. मायलेजसाठी हा खर्च करू नका, पैसे वसूल व्हायला फार वर्षं लागतील. गाडी ऐनवेळी उभी राहू नये यासाठी करायचा असेल तर करा.

आणि ज्यांची गाडी आठवड्याला दहा-वीस किलोमीटर सपाटीवर चालते, त्यांनी यातलं काहीच करू नका. कार्बोरेटरचे रबर बदला, इथेनॉल चालणारे पाइप घाला, मेन जेट एक नंबर मोठा घालून बघा, महिनाभर उभी ठेवायची असेल तर भांडं रिकामं करा. तेवढं पुरे.

आता कायद्याकडे

इथे माझा खरा राग आहे.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल मालकाने करायचे नाहीत. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच ठासून सांगितलं. हेतू बरोबर आहे. चासिस कापणारे, वाटेल ते टायर आणि सायलेन्सर लावून गावात धुरळा उडवणारे लोक आहेतच, त्यांना आवर हवाच. कलम १८२-अ प्रमाणे बेकायदा बदलाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

त्याच कलम ५२ मध्ये सीएनजी, एलपीजी, बॅटरीवर गाडी बदलायची वाट ठेवलीय. मंजुरी घेऊन इंजिन बदलायचाही उल्लेख आहे. पण पेट्रोलचं पेट्रोलच ठेवून कार्बोरेटरच्या जागी त्याच कंपनीचं इंजेक्शन, याचं नावच कुठे नाही. म्हणून मी पूर्ण इंजिन बदलायची वाट धरली आणि आधी अर्ज केला. एका कार्यालयात तीन चकरा झाल्या. एका खिडकीवर सांगितलं, इंजिन नंबर बदलतोय म्हणून या. दुसऱ्या खिडकीवर विचारलं, मग जुनंच इंजिन का नाही दुरुस्त करत? शेवटी आरसीवर नंबर चढला, पण लावणीच्या तोंडावर तीन दिवस गेले ते गेलेच. माझ्या जागी दुसरा असता तर त्याने चोरून बदल केला असता. बहुतेक जण तेच करतात, आणि मग अपघात झाला की विमा कंपनीपुढे हात जोडत उभे राहतात.

आता यातली गंमत बघा. पीयूसीच्या नियमात जुन्या, म्हणजे भारत स्टेजच्या आधीच्या पेट्रोल चारचाकीला धुरात ३ टक्के कार्बन मोनॉक्साइड चालतो. बीएस-२ आणि बीएस-३ च्या गाडीला चालतो फक्त अर्धा टक्का. म्हणजे माझी जुनी जिप्सी सहापट विषारी धूर सोडत फिरली तर ती कायदेशीर! आणि मी पदरचे पैसे घालून तो धूर कमी करायला गेलो की मी संशयित. हा कुठला न्याय?

वर फी बघा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरच्या हलक्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी ५ हजारांवरून १० हजार झाली. कारण काय, तर जुन्या गाड्या प्रदूषण करतात. बरोबर आहे, करतात. मग ज्याला ते प्रदूषण कमी करायचंय त्याला वाट द्या ना! फी दुप्पट घेता, इंधन न विचारता बदलता, आणि गाडी त्या इंधनाच्या लायक करायला गेलो की कलम दाखवता.

आणि कृपा करून 'जुनी विका, नवी घ्या' असं सांगू नका. जिप्सी बंद होऊन बरीच वर्षं झाली. आज नवी फोर बाय फोर घ्यायची तर भात पिकवणाऱ्याने किती एकर विकायची? आमच्याकडे जमीन विकणं सोपं आहे, बिल्डर दारात उभाच असतो. पण मग गाडी कशाला लागेल?

मागणी फार मोठी नाही. ज्या कंपनीची गाडी, त्याच कंपनीचं, तेवढ्याच सीसीचं, नंतरच्या वर्षांतलं इंजेक्शनचं इंजिन किंवा संच बसवला, धूर नव्या मर्यादेत मोजून दाखवला आणि पाइप-वायरिंगची तपासणी झाली, की एका अर्जावर, एका तपासणीत, एका फीमध्ये नोंद व्हावी. त्या गाडीला पुढे पीयूसीची कडक मर्यादा लावा, आमची हरकत नाही. मी तर म्हणतो, लावाच.

तोवर जिप्सीवाल्यांना एवढंच सांगणं आहे. कार्बोरेटर वाईट नव्हता, त्याने आपली वीस-पंचवीस वर्षं काढली. माझा मी भंगारात दिला नाही, पुसून, तेल लावून माळ्यावर ठेवलाय. तिथे तो शोभतो. चढावर, पावसात, मागे आजारी माणूस घेऊन जाताना नाही शोभत.

ता. क. ज्यांनी आरसीवर इंजिन बदलाची नोंद करून घेतली आहे त्यांनी किती दिवस लागले आणि कोणते कागद मागितले ते मला कळवा. सगळं एकत्र करून पुढच्या नोंदीत मांडतो. उद्या उघडीप मिळाली तर करपा बघायला खाचरात उतरायचंय. राम राम.